अजून पस्तीस मिनिटं

मोठी फाइल उतरवायला घेतली की संगणकाच्या पडद्यावर 'शिल्लक वेळ' म्हणून जो आकडा झळकतो, त्याच्याइतकं बेभरवशाचं बोलणं मी शिंप्याच्या तोंडूनही ऐकलेलं नाही. आधी तो सांगतो, बारा मिनिटं. आपण विश्वासानं चहाचं आधण ठेवतो. येऊन बघावं तर एक तास चार मिनिटं! चहा पिऊन होईतो स्वारी पस्तिसावर आलेली असते, आणि तिथंच बसकण मारते.

एरवी बसेना का! पण परवा गाठ आत्याशी होती. वय वर्षं चौऱ्याऐंशी. कधी नव्हे ती जात्यावरच्या ओव्या कॅमेऱ्यासमोर म्हणायला राजी झाली होती. सेकंदाला शंभर मेगाबिटांनी चित्रण केलं, तर ६४ जीबीचं कार्ड सुमारे पंच्याऐंशी मिनिटांत भरतं. तेवढ्यात आत्या जेमतेम माहेराहून सासरी पोचली होती. कार्ड भरलं. घड्याळात साडेअकरा, आणि साडेबाराला एसटी गाठायला रिक्षा येणार!

"तुझं यंत्र जेवू दे सावकाश, मी पिशवी भरते," म्हणून आत्या उठली.

मी भाच्याला फोन लावला.

"मामा, कॅमेरा वायरीनं जोडलायस का?"

"मग काय सुतळीनं जोडू?"

"अरे, तुझ्या कॅमेऱ्याचं भोक यूएसबी २.० चं आहे. सेकंदाला ४८० मेगाबिट. बिट हं, बाइट नव्हे! आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे झाले साठ मेगाबाइट, आणि पदरात पडतात तीस-पस्तीस."

हे मला चटकन समजलं. चाळीस वर्षं पगार घेतलेल्या माणसाला नेमणूकपत्रातला आकडा आणि हातात पडणारा आकडा यांतला फरक शिकवावा लागत नाही.

दिवाळीत त्यानंच दिलेला कार्ड-रीडर उदबत्तीच्या पुड्यांच्या खणात निघाला. यूएसबी ३.० चा, निळ्या जिभेचा. ही जात २००८ साली आली. कागदोपत्री ५००० मेगाबिट! तो संगणकाच्या निळ्या जिभेच्याच भोकात थेट लावायचा, मध्ये हब नको. फाइली घ्यायच्या त्या संगणकाच्या एसएसडीवर, जुन्या फिरत्या डिस्कवर नव्हे. एवढं करूनही आमचं यूएचएस-१ जातीचं कार्ड सेकंदाला १०४ मेगाबाइटांच्या वर जाऊच शकत नाही. पंगतीत भातवाला कितीही चपळ असो, वरणवाले अण्णा गुडघ्यानं अधू असले की पंगत अण्णांच्याच चालीनं पुढं सरकते, त्यातलीच गत.

आमचे अण्णा पंच्याऐंशीच्या चालीनं निघाले. साडेबारा मिनिटांत ताट साफ!

"कट करू नकोस हं मामा, कॉपीच कर. आणि फाइली उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नकोस." मुलगा गुणी आहे, आईवर गेलाय. मी चार ठिकाणी उघडून पाहिलं. आत्या आवाजासकट जागच्या जागी होती. मग कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केलं. बाराला पाच कमी.

"झालं का त्याचं जेवून?" आत्यानं दारातून विचारलं. पायांत चपला, काखेत पिशवी.

"झालं. बसतेस?"

ती चपलांसकट खुर्चीच्या कडेवर टेकली, आणि सासरच्या उंबऱ्यावर जिथं थांबली होती, तिथूनच पुढची ओवी सुरू केली.