वऱ्हाडी कापसाच्या वाटेने मुंबईत

सोयाबीन घरात येऊन पडलं, मुलांना दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि मुंबईला जायचं ठरलं. शिरपूर जैनहून मालेगाव, पुढे पातूरचा घाट उतरून अकोला आणि तिथून रात्रीची रेल्वे. आई पहिल्यांदाच मुंबई बघणार होती. तिची सारी उमर वावरात कापूस वेचण्यात गेली. म्हणून मी मनाशी ठरवलं, पहिले दोन दिवस तिला कापसाचीच मुंबई दाखवायची.

कापसाची ती वाट अकोल्याच्या फलाटावरच सुरू होते. निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तो १८५३ साली, आणि बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तीही त्याच वर्षी. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. १८६७ पर्यंत रूळ वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचले. खामगावच्या कापूस बाजारासाठी तर जलंबहून वेगळा फाटा टाकला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. त्याआधी हाच माल बैलांच्या पाठीवर लादून निघायचा. हे ऐकून आई म्हणाली, "येवढ्या दूर बैल कसे येत असतीन बापा!"

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर आलो आणि मुलं माना वर करून बघतच राहिली. वास्तुविशारद स्टीव्हन्सच्या आराखड्यावर दहा वर्षं खपून १८८८ मध्ये पुरी झालेली ही इमारत. कमानींवर दगडात मोर, माकडं, पानंफुलं कोरलेली. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे आहेत आणि त्यांत आपले नाना शंकरशेटही आहेत. धाकटीने पगडी बघून त्यांना बरोब्बर हुडकलं.

तिथून चालत हॉर्निमन सर्कलला गेलो. आज गोल बाग आहे तिथे पूर्वी उघडं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गठाणी रचलेल्या असत. जवळच टाउन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमायचे. त्याच मंडळींनी पुढे १८७५ मध्ये शेअर बाजार उभा केला. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इकडे भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. कापसाचा राजा म्हणवणारे प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले.

संध्याकाळी ओव्हल मैदानावर बसून याच प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर पाहिला. १८७८ साली पुरा झालेला, २८० फूट उंच. नाव त्यांच्या आईचं. असं सांगतात की राजाबाई निष्ठावान जैन होत्या, त्यांना दिसत नसे, आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकायला या टॉवरच्या घड्याळाचे टोले त्यांच्या कामी येत. आमच्या गावी अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराभोवती दिवेलागणीआधी जेवून उठणारी घरं आहेत. त्यामुळे आईला ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी हार्बरच्या लोकलने कॉटन ग्रीन गाठलं. पोर्ट ट्रस्टने समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर कापसाची ही वखार वसली. लांबच लांब गोदामं आणि कापूस बाजाराची हिरवी इमारत अजून उभी आहे. गठाणी इथून आगबोटीवर चढायच्या, नाहीतर गिरणगावात जायच्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर त्या गिरण्या मोडल्या आणि आता त्यांच्या जागी टॉवर आहेत.

नाना शंकरशेटांचा चेहरा दगडात आहे, राजाबाईंचं नाव टॉवरला आहे. उन्हातान्हात ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बायांचं नाव मात्र या शहरात मला कुठे दिसलं नाही. म्हणून मुलांना तिथेच, गोदामांच्या रस्त्यावर सांगितलं, की या शहराच्या भरभराटीत तुमच्या आजीसारख्या हजारो बायांच्या हातांचा वाटा आहे. वऱ्हाडातून मुंबई बघायला येणाऱ्या प्रत्येक घराने राणीच्या बागेआधी, चौपाटीआधी हा हिशेब आपल्या लेकरांना सांगावा. मग ती इथे पाहुण्यासारखी बुजणार नाहीत, हक्काने फिरतील.