विरजण

न्याहारीच्या विषयावर नागपूरकराशी वाद घालू नये. तर्री-पोह्यांपुढे त्याला स्वर्गही फिका वाटतो. मीही नागपूरकरच, पण तर्री माझी रविवारपुरती. एरवी माझ्या पुढ्यात दहीपोह्यांची बशी असते. कॉलेजातले सहकारी हसतात, "सर, अजून दहीपोह्यांवरच?"

मग मी त्यांना स्वीडनची साक्ष काढून दाखवतो. त्या थंड मुलखात लोक सकाळी 'फील' नावाचे आंबट दूध वाडग्यात घेतात, त्यावर कुरकुरीत धान्य नाहीतर फळांचा मुरंबा घालतात आणि कामाला लागतात. २० ते २५ अंशांच्या उबेत ते विरजते. ते विरजवणारे लॅक्टोकोकस जातीचे जंतू आपल्या घरच्या दह्यातही सापडतात. म्हणजे न्याहारीच्या नात्याने स्वीडिश माणूस आमचा चुलतभाऊच! शंभर ग्रॅम दह्यात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने असतात. शिवाय कॅल्शियम आणि शाकाहारी माणसाला दुर्मिळ असे ब-१२ जीवनसत्त्व. १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे मेचनिकॉव्ह तर म्हणत, आंबट दुधाने आयुष्य वाढते. तेवढी हमी मी देत नाही. अकराच्या तासापर्यंत पोट तक्रार करीत नाही, एवढी मात्र देतो.

पण दह्याचे मला खरे अप्रूप वाटते ते निराळ्याच कारणाने. दही एकट्याच्या बळावर लागत नाही. दूध आपले, पातेले आपले. विरजण मात्र कालचे हवे, नाहीतर शेजारचे. महालातल्या वाड्यात माझ्या आईने जन्मभर विरजण दिले. तिन्हीसांजेला तेवढे दही घराबाहेर जाऊ द्यायचे नाही, हा तिचा नेम. ती गेल्यावर तिची लुगडी आम्ही वाटून टाकली, विरजण राहिले. रोज चमचाभर मागे ठेवून माझी पत्नी ते चालवीत होती.

मागे एका उन्हाळ्यात आम्ही आठवडाभर परगावी गेलो आणि इकडे फ्रिज बंद पडला. दार उघडताच वासाने सारे कळले. पत्नी एक शब्दही न बोलता भांडे घासायला घेऊन गेली. पिशवीतले दही कोपऱ्यावर मिळते, चांगलेही असते. पण ते आणायला मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटी घेऊन वाड्यातल्या जुन्या शेजारीण काकूंकडे गेली. त्या आता फ्लॅटमध्ये राहतात. वाटी भरता भरता काकू म्हणाल्या, "अगं, हे तुझ्या सासूबाईंचंच तर आहे! वाडा सोडताना त्यांनीच दिलं होतं."

इतक्या वर्षांत त्यातले जंतू तेच राहिले असतील का, हा प्रश्न मी शास्त्राच्या प्राध्यापकांना अद्याप विचारलेला नाही. दही लागले तेव्हा पत्नीने पहिली वाटी वरच्या मजल्यावर आलेल्या नव्या बिऱ्हाडाकडे पाठवली. त्यांनी ती मागितली नव्हती.