टर्बो थांबेपर्यंत

रिटायर होऊन दोंडाईच्याला आलो, त्या पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. घर स्टेशनपासून जवळच आहे. रात्रभर गाड्या येत-जात होत्या, पण ऐकू येत होता तो नुसता चाकांचा आवाज. तापी लाइन दुहेरी झाली, वर तारा आल्या आणि मालगाडीच्या पुढे धापा टाकणारं डिझेल इंजिन गेलं. पूर्वी नंदुरबारकडून येणारी जड मालगाडी कोसभर लांब असतानाच कळायची. खळ्यावर मिरची पसरताना मामा कान देऊन ओरडायचे, "गाडी उनी रे भो!" इंजिनाचा नंबर, जात त्यांना ठाऊक नव्हती, आवाज मात्र पक्का ओळखीचा होता.

त्या आवाजाच्या मागे मी परळच्या रेल्वे वर्कशॉपात पोहोचलो. आधी अप्रेंटिस, मग फिटर, पुढे मिस्त्री. सगळा जन्म डिझेल इंजिनं उघडण्यात आणि पुन्हा जुळवण्यात गेला.

आमच्या हाताखालून सगळ्यात जास्त गेलं ते डब्ल्यूडीएम-टू. डिझाइन अमेरिकेच्या अल्को कंपनीचं. पहिली इंजिनं १९६२ साली तिकडूनच तयार आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. व्ही आकारात सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, वजन ११२ टनांच्या वर. पुढची पन्नास वर्षं या घराण्याचं हूड, ड्रायव्हरची कॅब, बोगी लांबून बघणाऱ्याला जवळजवळ सारखीच दिसली. त्यामुळे लोक म्हणतात, रेल्वेनं एकच इंजिन अर्धं शतक चालवलं. ज्यानं ते उघडलं आहे तो असं म्हणणार नाही.

एक साधी गोष्ट सांगतो. ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाक फिरवणारी मोटर, बोगीत नुसती टांगलेली नसते. तिचं अर्धं वजन एका अंगानं थेट चाकाच्या धुऱ्यावर बसतं. जिथे बसतं तिथे जुन्या इंजिनात सस्पेन्शन बेअरिंग असायचं, पितळी कवच आणि आत व्हाइट मेटलचा थर. खाली तेलाची टाकी, आणि त्या तेलात बुडवलेला लोकरीचा पॅड धुऱ्याला टेकलेला. दिव्याची वात तेल वर ओढते, तसाच तो पॅड तेल वर ओढायचा. तेल कमी पडलं, पाणी शिरलं किंवा पॅड चिकटून कडक झाला की बेअरिंग तापायचं, व्हाइट मेटल वितळून वाहायचं आणि पुढे धुराच खराब व्हायचा. इंजिन शेडात आलं की कुणीतरी वाकून प्रत्येक बेअरिंगला हाताची पाठ लावून बघायचं. माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर त्याची एक खूण अजून आहे.

मग रोलर बेअरिंग आलं. ग्रीस भरलेलं, बंद, रोज तेल मागत नाही. ते पहिल्यांदा बसवलं तेव्हा आमचे जुने मिस्त्री बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "बापू, आता रात्रीचा फोन येणार नाही." खरंच कमी झाले ते फोन. हॉर्सपॉवर वाढली त्याचे फोटो निघाले, पण माझ्या मते या घराण्यातला सगळ्यात मोठा बदल हाच.

जनरेटरचंही तसंच. मूळ इंजिनात डीसी जनरेटर होता, त्याला तांब्याचा कम्युटेटर आणि त्यावर घासणारे कार्बन ब्रश. आत हात घातला की कोपरापर्यंत काळी पूड. ती साचली की ठिणगी उडायची आणि फ्लॅशओव्हर झाला की सगळं काम पहिल्यापासून. पुढच्या ३१०० हॉर्सपॉवरच्या डब्ल्यूडीएम-थ्री-एमध्ये जनरेटरच्या जागी अल्टरनेटर आणि रेक्टिफायर बसला आणि ही कटकट संपली. चाकांकडच्या मोटरी मात्र डीसीच राहिल्या, त्यांचे ब्रश बदलणं आमच्या नशिबी शेवटपर्यंत होतं. त्या मोटरींतूनही ब्रश गेले ते वेगळ्या घराण्यात, जनरल मोटर्सच्या डिझाइनच्या थ्री-फेज इंजिनांत. ती इंजिनं चांगली आहेत, जड माल ओढतात. पण त्यांच्याशी माझी सोयरीक जुळली नाही.

हे बदल फक्त नव्या इंजिनांत झाले असते तर जुनी भंगारात गेली असती. तसं झालं नाही. इंजिनाचं आयुष्य ३६ वर्षांचं धरलेलं. अर्ध्यावर, अठराव्या वर्षाच्या सुमारास, ते पतियाळाला जायचं. तिथला कारखाना १९८१ साली सुटे भाग बनवायला उभा राहिला आणि पुढे इंजिनांना नवा जन्म देण्यासाठीच ओळखला गेला. सांगाडा तोच ठेवून आत स्टीलचं डोकं असलेले पिस्टन, मोठा आफ्टरकूलर, जास्त डिझेल सोडणारे इंजेक्शन पंप, नवा टर्बो बसवायचे. २६०० चं गेलेलं इंजिन ३१०० चं होऊन परत यायचं. पुढे ते आमच्याकडे पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीनं होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला, आलं की मी आधी नंबर प्लेट बघायचो आणि मग हूडचं दार उघडायचो. माहेरी आलेल्या लेकीकडे बघावं तसं ते बघणं असायचं.

आणि टर्बो! धुराच्या जोरावर फिरणारं ते चक्र सिलिंडरात हवा कोंबतं. टर्बो आजारी असेल तर इंजिन काळा धूर ओकतं आणि ताकद हरवतं. तो धडधाकट आहे की नाही हे कळायला एक जुनी परीक्षा आहे. आयडलवरून इंजिन बंद करायचं आणि हातात घड्याळ धरून ऐकत राहायचं. सोळा सिलिंडर गप्प होतात, पण टर्बोची बारीक शीळ चालूच राहते. हळूहळू उतरत, आवाजाचा दोरा होत होत, ती संपते. नव्वद सेकंदांच्या आत संपली तर आत काहीतरी घासतंय असं समजायचं. त्या दीड मिनिटात शॉपमध्ये कुणी बोलायचं नाही. हातोडीसुद्धा थांबायची. नव्या पोरांना मी हेच आधी शिकवलं. मायक्रोप्रोसेसर कंट्रोल आल्यावर स्क्रीनवर बिघाडाचा कोड यायला लागला, आणि ते फार उपयोगाचं आहे. पण कोड बिघाड झाल्यावर येतो. कानाला तो आदल्या दिवशी कळतो.

शेवटच्या काही वर्षांत वाराणसीला दोन डिझेल इंजिनांचं मिळून एक दहा हजार हॉर्सपॉवरचं विजेचं इंजिन केलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला हिरवा झेंडा मिळाला. सांगाडा वाया जाऊ दिला नाही, ही हुशारीच. तरी त्या हूडमध्ये आता सोळा सिलिंडर नाहीत, हे मनाला पटायला वेळ लागला. त्याच सुमारास एका यार्डात मी डब्ल्यूडीएम-टू गॅसकटरनं कापताना पाहिलं. कापणाऱ्याचा दोष नव्हता, ते त्याचं काम होतं. मी क्रँकशाफ्ट उघडा पडलेला पाहिला आणि तिथून निघालो.

वाराणसीत जुळलेलं पहिलं डब्ल्यूडीएम-टू, १८०४० नंबरचं, दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे. ते आहे ही मोठी गोष्ट. पण उभं राहिलेलं इंजिन म्हणजे पाटी लावलेलं घर. वाफेच्या इंजिनांना वर्षातून चार दिवस रुळावर आणतात, तसं एक तरी अल्को चालू स्थितीत ठेवा. जुना डीसी जनरेटर, जुनं सस्पेन्शन बेअरिंग, लोकरीच्या पॅडसकट. ते पॅड तेलात कसे मुरवायचे, किती दाबून बसवायचे, हे हातानं केलेली माणसं अजून आहेत. मी त्यांतला एक. निरोप आला तर दोंडाईच्याहून पहिल्या गाडीनं निघेन.