720 पैकी 719

बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्या उत्तराला उणे एक. या हिशेबाने वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत 720 पैकी 718 किंवा 719 गुण पडूच शकत नाहीत. एक प्रश्न सोडला तर 716, एक चुकला तर 715. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हे तोंडपाठ असते. त्यामुळे 4 जून 2024 च्या निकालात 718 आणि 719 हे आकडे दिसले, तेव्हा त्यांना ते लगेच खटकले. केंद्रावर वेळ वाया गेला म्हणून 1563 जणांना वाढीव गुण दिले होते, हा खुलासा नंतर आला. निकालासोबत कुणी तो केला नव्हता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वाढीव गुण रद्द झाले, त्या मुलांना फेरपरीक्षेची संधी मिळाली. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरली होती. दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांनी एकच बरोबर ठरवले आणि चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले. पूर्ण गुण मिळवणारे आधी 67 होते, शेवटी 17 उरले.

लातूरच्या ट्यूशन एरियात पाच गुणांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मराठवाड्यातल्या गावांतून आलेली मुले तिथे खोली करून राहतात, मेसचा डबा खातात, पहिल्या वर्षी हुकले तर रिपीटर म्हणून पुन्हा बसतात. पाच गुणांनी रँक हजारोंनी घसरते, सरकारी कॉलेज हातचे जाते. खासगी कॉलेजची फी त्या घरांना झेपणारी नसते. प्रवेशातला अन्याय असा खालच्या पायरीवर सर्वांत जड पडतो.

वाढीव गुणांचा घोळ एवढ्यावर थांबला नाही, पेपरही फुटला होता. परीक्षेच्या सकाळी, 5 मे रोजी, हजारीबागमध्ये प्रश्नपत्रिकेपर्यंत पोहोचून तिचे फोटो काढले गेले, असे सीबीआयच्या तपासात पुढे आले. ती सोडवून दिल्याच्या आरोपावरून ज्यांना पकडले, त्यांत एमबीबीएसला शिकणारी मुले होती. स्वतः रात्री जागून तिथवर पोहोचलेल्यांवर असा आरोप यावा, याचे दुःख अटकेच्या बातमीने संपत नाही.

2015 मध्ये गैरफायदा घेणारे 44 जण उघड झाले आणि न्यायालयाने सुमारे सव्वासहा लाख मुलांची एआयपीएमटी, म्हणजे तेव्हाची वैद्यकीय प्रवेश परीक्षा, रद्द केली. 2024 मध्ये असे सुमारे 155 जण समोर आले. तरी फुटीची व्याप्ती देशभर असल्याचे सिद्ध होत नाही, दोषींना वेगळे काढता येते, म्हणून 23 जुलैला न्यायालयाने परीक्षा कायम ठेवली. 23 लाखांहून अधिक मुलांना पुन्हा बसवणे ही प्रामाणिक मुलांनाच शिक्षा झाली असती. निर्णय योग्यच होता.

पण तो घेता आला कशाच्या आधारावर? न्यायालयाच्या आदेशाने 20 जुलैला केंद्रनिहाय निकाल, मुलांची नावे झाकून, जाहीर झाले. कुठल्या केंद्रावर किती गुण पडले, हे कुणालाही तपासता आले. अफवा आणि पुरावा वेगळे करण्याचा तोच मार्ग होता, आणि त्यासाठी मुलांना वकील करावे लागले. हे आकडे दरवर्षी, निकालाच्याच दिवशी, वाढीव गुणांच्या नियमांसह आपणहून जाहीर व्हायला हवेत. पालकांनी आणि शिक्षकांनी निदान एवढी मागणी तरी लावून धरावी.