गाडीचा उपवास

‘यंदा प्रायश्चित्तकाळात काय सोडायचे?’ हा प्रश्न राखेच्या बुधवारी आमच्या घरात दर वर्षी निघतो. कोणी मांसाहार सोडतो, कोणी चहा. गेल्या वर्षी मात्र धाकट्या कन्येने विचारले, ‘आपण गाडीचा उपवास केला तर?’ आम्ही हसलो. उमापुरात राहायचे आणि नोकरी, महाविद्यालय, शिकवणी, दवाखाना यांसाठी गेवराई गाठायची. अशा कुटुंबाला हा उपवास कसा परवडावा? तिने वाद घातला नाही. एक वही घेतली आणि घरची मोटार व दोन मोटारसायकली केव्हा, कुठे, कशासाठी बाहेर पडल्या, ते आठवडाभर टिपून ठेवले.

वही वाचताना आमचे हसू मावळले. एका आठवड्यात ३१ फेऱ्या आणि १८ लिटर पेट्रोल! त्यांतील १२ फेऱ्या तर गावातल्या गावातच: गिरणी, दूध, किराणा. गेवराईला जाताना सात वेळा घरातले दोघे एकाच तासात दोन वेगळ्या गाड्यांवरून गेले होते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साईड हवेत मिसळतो. म्हणजे आमच्या घाईपायी आठवड्याला चाळीस किलोंहून अधिक.

ही सवय फार जुनी नव्हती. पूर्वी आम्हीही एसटीचेच प्रवासी होतो. २०२१च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२पर्यंत लांबला, त्या दिवसांत आम्ही दुसरी मोटारसायकल घेतली. संप मिटला, आम्ही मात्र थांब्यावर परतलो नाही.

आता परतायचे ठरवले. गिरणी, दूध पायी. गेवराईची किरकोळ कामे मंगळवारी आणि शुक्रवारी एकत्र. एरवी एसटी. दहावीतल्या कन्येला अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळाला. मार्च २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट आहेच, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आमच्या आजींना तर तिकीटच नाही. तरीही पहिले दोन आठवडे जड गेले. गाडी चुकली, कामावर उशीर झाला, बोलणी खाल्ली. घरात चिडचिडही झाली.

अशाच एका सकाळी थांब्यावर आमच्याच गल्लीतील एक वृद्ध मावशी भेटल्या. मुलगा-सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली. डोळ्यांच्या उपचारासाठी त्यांना तालुक्याला जावे लागे, आणि गाडी न मिळाल्याने त्या दोनदा माघारी फिरल्या होत्या. आम्ही ओशाळून म्हटले, ‘मावशी, आमची मोटार रोज जात होती. एक हाक मारायची होती.’

त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तुमची गाडी रोजच जाती बाबा. पण थांबती कुठं?’

त्या वाक्याने आमचा उपवास खऱ्या अर्थाने सुरू झाला. तोवर आम्ही पेट्रोल मोजत होतो. रिकाम्या सीटा मोजल्या नव्हत्या. शिवाय एसटीची फेरी भारमानावर टिकते. तिकीट काढू शकणारे आपल्यासारखे लोक एकेक करून थांबा सोडून जातात, तेव्हा ज्याला दुसरे वाहन नाही त्याचीच फेरी धोक्यात येते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीची काळजी घेण्याच्या साध्या कृतींमध्ये सार्वजनिक वाहनाचा वापर आणि एका मोटारीतून अनेकांनी प्रवास करणे यांचा उल्लेख केला आहे. तो आम्ही वाचला होता. स्वतःला लावून पाहिला नव्हता.

पुनरुत्थानाच्या सणानंतर अम्माऊसच्या वाटेचे शुभवर्तमान ऐकताना यंदा आम्ही वेगळ्याच जागी थबकलो. यरुशलेमपासून सुमारे अकरा किलोमीटरची ती वाट दोघे शिष्य पायी चालत होते, म्हणूनच एक अनोळखी वाटसरू त्यांच्या बरोबरीने चालू शकला. आमच्या वेगाला कोणाला सोबत करता आली असती?

उपवास संपला, वही चालूच आहे. चांगल्या आठवड्यात १४ फेऱ्या होतात आणि ८ लिटर लागतात. आजारपणात, परीक्षेत, भर पावसात आकडा पुन्हा विशीपार जातो. आम्ही काही संत झालेलो नाही. एवढेच की मोटार काढायची असली, तर आदल्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणीतरी मावशींच्या दारात जाऊन विचारतो, ‘मावशी, उद्या गेवराईला यायचंय का?’