वरळीचा मनोरा, डोंबिवलीची केबल

डोंबिवलीत एकेकाळी गच्चीगच्चीवरच्या अँटेनांची तोंडं नैऋत्येला, वरळीकडे असत. 2 ऑक्टोबर 1972 रोजी तिथे मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं. हवेतून अंतर 35-40 किलोमीटर, पण वाटेत पारसिकचा डोंगर. त्याच्या आडोशाच्या वस्त्यांत चित्राला मुंग्या येत, म्हणून अँटेना उंच पाइपावर चढे, शिवाय बूस्टर लागे.

मी प्रसारण अभियंता. ‘झी’ हे केंद्र, चॅनेल की नेटवर्क, असं लोक मला विचारतात, तेव्हा मी आधी या वरळीपासून सुरुवात करतो. केंद्र म्हणजे कार्यक्रम घडवणारी आणि तिथूनच ते हवेत सोडणारी जागा. नुसता मनोरा पुरत नाही. 1973 मध्ये सिंहगडावर प्रक्षेपक बसला, पण पुणेकरांना त्यावर दिसत ते मुंबईचेच कार्यक्रम. पुढे 15 ऑगस्ट 1982 पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम उपग्रहामार्फत देशभरच्या केंद्रांवर एकाच वेळी दिसू लागला. इतकी केंद्रं एका कार्यक्रमाने बांधली गेली, ते खरं नेटवर्क.

2 ऑक्टोबर 1992 रोजी झी टीव्ही आला तो हाँगकाँगहून, एशियासॅटमार्गे. भारतात त्याचा एकही मनोरा नव्हता. म्हणजे चॅनेल होतं, केंद्र नव्हतं. मराठीत 1999 साली आलेली झीची अल्फा वाहिनीही, म्हणजे आजची झी मराठी, उपग्रहावरचीच. आज अशा अनेक वाहिन्या एका मालकाच्या हाती असल्या की त्या समूहाला आपण नेटवर्क म्हणतो. अमेरिकेत मात्र शहरातल्या केंद्राकडे स्वतःचा परवाना असतो. ते मोठ्या नेटवर्कच्या मालिका दाखवतं आणि आपल्या गावच्या बातम्याही देतं. आपल्याकडे जमिनीवरून प्रक्षेपण फक्त दूरदर्शनचं, त्यामुळे ही मधली पायरी बांधलीच गेली नाही. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहर 18 लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली 12 लाखांवर होती. एवढ्या वस्तीला स्वतःचं केंद्र नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ती उणीव केबलवाल्यांनी भरून काढली, आणि त्याबद्दल त्यांचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. इमारतीवर डिश, गल्लीवरून तार, कंट्रोल रूममध्ये व्हीसीआर आणि एक रिकामी फ्रीक्वेन्सी, एवढ्यावर लोकल चॅनेल उभं राही. पाणी कधी बंद, मंडळाची आरती, डोंबिवलीच्या फडके रोडवरची गुढीपाडव्याची शोभायात्रा, सगळं त्यावर. 1995 च्या कायद्याने केबलचालकाला मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करावी लागली. 31 मार्च 2013 ही दुसऱ्या टप्प्यातल्या शहरांसाठी डिजिटल केबलची मुदत होती. त्या यादीत ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीही होती. सेटटॉप बॉक्स आले आणि फ्रीक्वेन्सीची किल्ली गल्लीतल्या केबलवाल्याकडून मोठ्या वितरकाकडे गेली. लोकल चॅनेलला आता त्याच्याकडून क्रमांक मिळवावा लागतो. 2022 च्या नियमांनी अशा वाहिन्यांना वितरकाच्या एकूण वाहिनी-क्षमतेच्या 5 टक्क्यांची मर्यादा घातली. मला ती तोकडी वाटते. निदान गावच्या बातम्या देणाऱ्या वाहिनीला तरी हक्काची जागा हवी. कारण डीटीएचची छत्री लावलेल्या घरात दूरदर्शनची सह्याद्री दिसते, झी मराठी दिसते, पण तारेवरचं डोंबिवलीचं लोकल चॅनेल त्या छत्रीत उतरत नाही.