आईच्या गोष्टीतला उडता रथ

वाचकहो, आपल्या घरातील वृद्ध व्यक्ती एखाद्या दिवशी अगदी अनोळखी नाव उच्चारते, पूर्वी कधी न सांगितलेली गोष्ट सांगू लागते, तेव्हा आपण काय करतो? बहुधा एकमेकांकडे पाहतो आणि विषय बदलतो. मीही तेच केले. डॉक्टर असल्यामुळे मी माझी चूक वहीत लिहूनही ठेवली.

वडिलांच्या निधनानंतर आई लातूरचे घर बंद करून आमच्याकडे नांदेडला आली. तिने ऐंशी ओलांडली आहे. सकाळी घेतलेली गोळी तिला दुपारी आठवत नाही. दिवस मावळू लागला की ती अस्वस्थ होते आणि ‘आपल्या घरी कधी जायचं?’ असे पुनःपुन्हा विचारते. मेंदूविकारतज्ज्ञांनी अल्झायमरचे निदान केले आहे. त्यांना दाखवण्यासाठी मी तिच्या लक्षणांची एक वही ठेवत असे.

माझी नववीतली मुलगी अद्भुत कादंबऱ्यांची वेडी. संध्याकाळच्या त्या कातर वेळी ती आजीजवळ बसून हॅरी पॉटरचे मराठी भाषांतर मोठ्याने वाचू लागली आणि आई शांत होऊ लागली. एकदा उडत्या झाडूचे वर्णन चालले असता ती मध्येच हसली. “झाडूवर काय उडायचं, लेकरा! माझ्या आजीचा इल्याहू हन्नाबी घोड्यांच्या रथातून आभाळात गेला. खडकावर टापा उमटलाय अजून.”

नातीने उत्सुकतेने विचारले, “कुठे गं, आजी?” मी मात्र आत येऊन म्हणालो, “आई, दूध घे बरं.” त्या रात्री वहीत नोंद केली : ‘कल्पित स्मृती. निरर्थक शब्द.’ पुढे काही दिवसांनी आईने मलिदा मागितला. पत्नीने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे चपाती कुस्करून, गूळ-तूप घालून दिला. आईने ताटली बाजूला सारली. “हा नव्हे. पोह्यांचा. ओलं खोबरं घालून.” तीही नोंद वहीत गेली. पुढच्या भेटीत औषध वाढवावे का, असे मी विचारणार होतो.

त्याआधी अलिबागला प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या वर्गमित्राशी फोनवर बोलणे झाले. सहज म्हणून ही हकिगत सांगितली. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “अरे, तुझी आई भ्रमात नाही. हे बेने इस्रायलांचं आहे. एलियाहू हनबीचा टापा इथून जवळच आहे.”

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठीभाषक ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून नवगावकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे पडली. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी बांधले. एलियाहू संदेष्ट्यावर त्यांची विशेष श्रद्धा आहे. त्याच्या नावाने ते जो मलिदा करतात तो भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गोड आणि वेलदोडे घालूनच, सोबत फळे ठेवून. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, पण मराठी बरोबर घेऊन गेली.

आता प्रश्न उरला तो लातूरचा. आईचे थोरले चुलतभाऊ तिथेच राहतात. मी त्यांना भेटायला गेलो. मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “तुला आत्ता कळलं होय?” बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. त्या मार्गावर नोकरीला आलेल्या एका कोकणी माणसाची मुलगी म्हणजे आईची आजी. १९१८ च्या फ्लूच्या साथीत ती पोरकी झाली. शेजारच्या घराने तिला वाढवले आणि पुढे सून करून घेतले. “पोरींच्या सोयरिकी अडतील म्हणून कुणी बोललं नाही,” मामा म्हणाले. औसा तालुक्यातले आईचे माहेर १९९३ च्या भूकंपात पडले, जुनी पेटीही त्यात गेली. तेव्हा त्या मुलीचा या जगातला पुरावा म्हणजे दोन वृद्धांची आठवण. त्यातील एका आठवणीला मी निरर्थक ठरवले होते.

अल्झायमरमध्ये अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात, बालपणीच्या पुष्कळदा बराच काळ टिकतात. वास, चव, गाणे, गोष्ट यांचा स्पर्श झाला की त्या वर येतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही माझ्या कानांना त्यात आधी रोगच ऐकू आला. सांगितलेले सगळेच खरे असेल असे नाही, पण ते तपासण्याआधी खोडून काढू नये. ‘असं कुठे असतं का?’ म्हणण्याऐवजी ‘मग पुढे काय झालं?’ असे विचारावे. त्यांची संमती घेऊन, तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. रोज पंधरा-वीस मिनिटे मोठ्याने वाचावे. खोलीत पुरेसा उजेड असावा, श्रवणयंत्र कानात असावे. मात्र गोंधळ एकाएकी, एक-दोन दिवसांत वाढला, तर त्याला आठवण समजून थांबू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, एखादे नवे औषध, अशी कारणे त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मी लातूरहून परतलो तेव्हा चार महिने निघून गेले होते. या काळात आईचे बोलणे बरेच कमी झाले होते. मी आजीबद्दल विचारले. ती नुसती पाहत राहिली. मग आम्ही पोहे भिजवले, खोबरे खवले, गूळ घातला आणि ताटली तिच्यापुढे ठेवली. नातीने तिला घास भरवला. आईने तो सावकाश चघळला आणि म्हणाली, “वेलदोडा विसरलीस.”

वहीतल्या त्या दोन्ही नोंदी मी खोडल्या आहेत. आता त्याच वहीत मुलगी आजीचे शब्द लिहिते. गेल्या महिन्यात चार ओळी झाल्या, या महिन्यात आतापर्यंत एक. आपल्या घरी अजून भरभरून बोलणारे कोणी असेल, तर आज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.